जिताड्याच्या कल्ल्यांवर कृमी: गोड्या पाण्यानं गेले आणि पुन्हा आले

खाडीकाठची यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या बचतगटाचे देवगड तालुक्यात खाडीत चार पिंजरे आहेत. दोन पिंजऱ्यांत जिताडा, एकात तांबोशी, आणि चौथा जाळं बदलायच्या वेळी मासे हलवायला मोकळा ठेवलेला असतो. पावसाळ्यानंतर सोडलेली बोटुकली आता तीनशे-चारशे ग्रॅमची झाली आहेत. मी आणि माझी जाऊ सकाळ-संध्याकाळ होडीनं जाऊन खाद्य टाकतो, त्यामुळे मासा नेहमी कसा वागतो हे नजरेत बसलंय.

फेब्रुवारी संपेपर्यंत तारलीचे तुकडे टाकले की पाणी उसळायचं. मग एका पिंजऱ्यातले जिताडे वर येईनात. भरतीचं पाणी ज्या बाजूनं येतं त्या बाजूला तोंड करून, वरच्या थरात नुसते उभे. कल्ल्यांची झाकणं उघडीच्या उघडी आणि श्वास धाप लागल्यासारखा. मध्येच एखादा मासा अंग तिरकं करून जाळ्याला घासून जायचा. दोन-तीन मेले. फाडून बघितले तर कल्ले लालभडक असायच्या जागी फिकट, धुतलेल्या रंगाचे, आणि त्यावर जाड चिकटा. मुलाच्या दप्तरातलं भिंग लावलं तेव्हा चिकट्यात अगदी बारीक, पांढुरकं काहीतरी वळवळताना दिसलं.

पलीकडच्या गावातल्या एका पिंजरेवाल्यांनी गोड्या पाण्याचा उपाय सांगितला. होडीत ताडपत्रीची कुंडी केली, विहिरीचं पाणी भरलं आणि त्या पिंजऱ्यातले मासे थोडे थोडे करून बुडवून काढले. दुसऱ्या दिवसापासून फरक! मासे खाद्यावर तुटून पडले. गटातल्या सगळ्या बायकांचा जीव भांड्यात पडला. पण दोन आठवडे होतात न होतात तोच पुन्हा तेच सगळं सुरू झालं, आणि आता शेजारच्या जिताड्याच्या पिंजऱ्यातही दिसतंय.

हे नक्की काय आहे? औषध गुणाला येऊन परत का उलटलं? तांबोशीला लागेल का? आणि गटाला सगळ्यात काळजी याची की मे महिन्याच्या लग्नसराईसाठी हॉटेलवाल्यांची मागणी घेऊन ठेवली आहे. हा मासा खायला चालेल ना? एकाने कृमी मारायला फॉर्मॅलिन हे तीव्र रसायन आणून दिलं आहे, पण ते वापरायला हात धजावत नाही.

---

अलिबागचा_खारभूमीवाला

ताई, आमच्याकडे जिताडा तळ्यात असतो. आजोबांच्या वेळेपासून खारभूमीतल्या तळ्यांत उधाणाच्या पाण्याबरोबर आलेली पिल्लं राखून मोठी करायची पद्धत आहे. पावसाळ्यात आमचं पाणी पार गोडं होतं, तरी माशाला काही होत नाही. तेव्हा गोड्या पाण्यात बुडवल्यानं जिताड्याला त्रास होईल ही भीती काढून टाका. तो खाऱ्यातही जगतो आणि गोड्यातही. अंडी घालायला तेवढा खाडीच्या तोंडाशी जातो.

पिंजऱ्यातला अनुभव मला नाही, म्हणून रोगावर बोलत नाही. फॉर्मॅलिनचं मात्र सांगतो. 2018 साली गोव्यात बाहेरून येणाऱ्या मासळीत फॉर्मॅलिन असल्यावरून केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेल. सरकारला काही दिवस परराज्यातली मासळी थांबवावी लागली. तुम्ही ते जिवंत माशाच्या उपचाराला वापराल आणि ती गोष्ट वेगळी आहे हे मला कळतं. पण जेटीवर तो कॅन कुणी बघितला तर हॉटेलवाल्याला समजावताना नाकी नऊ येतील. दुसरा मार्ग असेल तर तो आधी बघा.

---

कल्ले_तपासनीस

ताई, तुम्ही लक्षणं इतकी नीट लिहिली आहेत की निम्मं काम झालं आहे. मी रत्नागिरीत बरीच वर्षं माशांच्या रोगांच्या प्रयोगशाळेत होतो, कल्ले कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं हेच माझं रोजचं काम. त्यावरून सांगतो.

तुम्हाला दिसलेली वळवळ बहुधा मोनोजीनिया गटातल्या चपट्या कृमींची आहे. शाळेत आपण यकृतकृमी शिकलो, हे त्याच संघातले. पण एक मोठा फरक आहे. यकृतकृमीला वाढायला मध्ये गोगलगाय लागते. याला मध्ये कुणीच लागत नाही. कल्ल्यावरच राहतो, तिथेच अंडी घालतो, अंडी पाण्यात पडतात, त्यातून केसाळ, पोहणारी अळी निघते आणि ती थेट दुसऱ्या माशाच्या कल्ल्यावर जाऊन बसते. प्रत्येक कृमी नर आणि मादी दोन्ही असतो, म्हणजे अंडी घालणारे अर्धे नसतात, सगळेच असतात.

जिताड्याच्या कल्ल्यावर आपल्या देशात एक जात फार पूर्वीपासून माहीत आहे. त्रिपाठी या भारतीय शास्त्रज्ञांनी 1957 साली तिचं वर्णन करून डिप्लेक्टॅनम लॅटेसी असं नाव दिलं. पुढे 2006 साली जिताड्यावरच्या या कृमींसाठी लॅटिकोला ही वेगळी प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, झाली आणि ती जात लॅटिकोला लॅटेसी झाली. अंगानं मिलिमीटरहूनही लहान. तुम्हाला साध्या भिंगातून नुसती वळवळच दिसली, आकार कळला नाही, ते त्यामुळेच.

आता ही जात आहे की दुसरं काही, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी सांगणार नाही आणि तुम्हीही कुणाच्या सांगण्यावरून औषध टाकू नका. गावच्या हायस्कुलात सूक्ष्मदर्शक असतो. एक आजारी पण जिवंत मासा घ्या, मेलेला नको. मासा मेला की कृमी लवकरच खराब होतात किंवा गळून पडतात आणि कल्ला कोरा दिसतो. मासा बर्फाच्या पाण्यात शांत करून मारा आणि लगेच झाकण उचला. छोट्या कात्रीनं कल्ल्याच्या कमानीवरच्या लाल तंतूंची टोकं कापा, नखभर पुरे. काचपट्टीवर त्याच खाडीच्या पाण्याचा थेंब, त्यावर तंतू, वर पातळ काच. कमी भिंगावर ठेवा आणि घाई न करता तंतूच्या कडेकडेनं नजर फिरवा.

असेल तर तो हलतोच. लांबट पानासारखं पारदर्शक अंग ताणतो, टोक इकडेतिकडे फिरवून चाचपतो, आणि मग आखडून घेतो. मागचं टोक मात्र जागचं हलत नाही. पुढच्या टोकाजवळ चार काळे ठिपके दिसतील, ते डोळे. मागच्या टोकाला वाकडे आकडे, आणि आकड्यांच्या वरखाली दोन गोल गाद्या, त्यावर बारीक काड्यांच्या ओळी वर्तुळात मांडलेल्या. या गाद्या दिसल्या की लॅटिकोलाचं डिप्लेक्टॅनिड कुळ नक्की. याच गाद्या आणि आकडे तो कल्ल्याच्या दोन पात्यांच्या फटीत रोवून बसतो. तिथली त्वचा आणि चिकटा खातो. जखम होते, कल्ला बचाव म्हणून आणखी चिकटा सोडतो, त्वचा जाड होते, शेजारशेजारची पाती एकमेकांना चिकटतात. श्वास घ्यायची जागाच कमी होते. म्हणून मासा वाहत्या पाण्याकडे तोंड करून, झाकणं उघडी टाकून उभा राहतो. पाण्यात प्राणवायू असला तरी त्याला घेता येत नाही.

चार-दोन दिसले तर घाबरू नका. समुद्रातल्या मोकळ्या जिताड्यावरही असतात. तिथे अळीला काही तासांत मासा सापडला नाही तर ती मरते, आणि मोकळ्या पाण्यात बहुतेक वेळा तो सापडत नाही. पिंजऱ्यात शेकडो जिताडे एकाच पाण्यात उभे असतात. अळीला शोधायलाच लागत नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न, परत का आले.

गोड्या पाण्यात तुम्ही मासे धुतले. कृमीच्या अंगात पाणी शिरलं, तो फुगला, पकड सुटली. हे बरोबर झालं. पण अंड्याला कडक कवच असतं, गोड्या पाण्याचं त्याला काही वाटत नाही. बऱ्याच जातींच्या अंड्यांना धाग्यासारखं शेपूट असतं, ते जाळ्यात, जाळ्यावरच्या शेवाळात गुंततं. तुम्ही धुतलेले मासे त्याच जाळ्यात परत सोडले असतील, आणि शेजारचा पिंजरा धुतला नसेल. हो ना? तिथे अंडी वाट बघतच होती. एप्रिल-मे मध्ये आपल्या खाडीचं पाणी तीस अंशांच्या घरात जातं. एवढ्या उबेत अंडी साधारण चार ते सहा दिवसांत फुटतात आणि अळी बसल्यावर आठवडाभरातच ती स्वतः अंडी घालायला लागते. दोन आठवड्यांत सगळं पहिल्यासारखं झालं ते याच हिशोबानं.

म्हणून औषध बदलण्याआधी वेळ आणि जाळं सांभाळा. ज्या दिवशी बुडवणार त्याच दिवशी दोन्ही जिताड्याचे पिंजरे घ्या. बुडवलेला मासा परत जुन्या जाळ्यात टाकायचाच नाही, तुमचा चौथा पिंजरा त्याच कामाचा आहे. तिथे आधीच स्वच्छ, वाळलेलं जाळं लावून ठेवा. काढलेलं जाळं खाडीत खंगाळू नका, अंडी परत पाण्यातच जातील. किनाऱ्यावर आणून शेवाळ खरवडा आणि कडक उन्हात पूर्ण वाळू द्या. वाळलं की अंडी मरतात. ऊन आपल्याला फुकट मिळतं.

मग सहाव्या-सातव्या दिवशी दुसरी बुडवणी. ही चुकवू नका, मासे कितीही टवटवीत दिसले तरी. पहिल्या वेळी अंड्यात असलेले सगळे तोवर बाहेर आलेले असतात आणि त्यांनी अजून नवी अंडी घातलेली नसतात. तो मधला काळ पकडायचा आहे.

बुडवताना कुंडीत हवा सोडणारा पंप हवाच. दहा मिनिटं पुरे, पण घड्याळाकडे नको, माशाकडे बघा. उलटा पडायला लागला तर लगेच बाहेर. विहिरीचं पाणी उन्हात तापलेलं नको, नळाचं क्लोरिनवालं तर नकोच. सकाळी लवकर करा आणि आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवा. कुंडीतलं पाणी खाडीत ओतू नका, किनाऱ्यावर लांब ओता.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. अंगावरच्या कृमींवर गोडं पाणी जितकं चालतं तितकं कल्ल्यातल्यांवर चालत नाही, कारण चिकट्याच्या आत बसलेल्यापर्यंत पाणी नीट पोचत नाही. दोन बुडवण्यांनंतरही कल्ल्यावर बरेच दिसले तर हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा फॉर्मॅलिनचं स्नान हा पुढचा टप्पा, पण तो तज्ज्ञ समोर उभा असताना. फॉर्मॅलिन पाण्यातला प्राणवायू कमी करतं, आणि तुमच्या माशाला आधीच श्वास पुरत नाहीये. तो कॅन सावलीत कुलपात ठेवा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या कारवार केंद्रात पिंजऱ्यातल्या माशांवर कितीतरी वर्षं काम चालू आहे, तिथे विचारा. प्राझिक्वान्टेल नावाची गोळी खाद्यातून देतात असं कुणी सांगेल. ती इतकी कडू असते की मासे खाद्य थुंकून टाकतात, आणि तीही अंड्यांवर चालत नाही.

खाण्याचं विचारलंत. हे कृमी माणसाला लागत नाहीत, अजिबात नाहीत. कल्ले आपण काढूनच टाकतो. मासा खुशाल विका, फक्त आजारी, अशक्त मासा विकू नका, त्याला मांसच नसतं. आणि कुठलंही रसायन वापरलंत तर किती दिवस मासा काढायचा नाही हे त्याच तज्ज्ञाकडून लिहून घ्या.

तांबोशीचं उत्तर तुमच्या सूक्ष्मदर्शकात आहे. कल्ल्यावरचे डिप्लेक्टॅनिड आपापला मासा धरून असतात, जिताड्याचा कृमी तांबोशीवर सहसा टिकत नाही. पण अंगावर, डोळ्यांवर चपटे, काही मिलिमीटर लांबीचे, गोड्या पाण्यात टाकल्यावर पांढरे पडणारे कृमी दिसले तर ते दुसऱ्याच कुळातले, नियोबेनेडेनिया. तो शंभरावर जातींच्या माशांवर सापडला आहे. तसं असेल तर तांबोशीचा पिंजराही त्याच दिवशी घ्यावा लागेल.

---

टाउन्सव्हिलकर

मी मूळचा वेंगुर्ल्याचा, सध्या ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये मत्स्यशेतीच्या क्षेत्रात काम करतो. इथे जिताड्याला बॅरामुंडी म्हणतात आणि तो पिंजऱ्यात, तळ्यात सगळीकडे वाढवतात. तपासनीस काकांनी शेवटी जे लिहिलं ते इथे प्रत्यक्ष घडलेलं आहे. 2000 साली हिंचिनब्रुक चॅनेलमधल्या पिंजऱ्यांत नियोबेनेडेनियाची साथ आली आणि सुमारे 50 टन बॅरामुंडी मेला. इथल्या जेम्स कुक विद्यापीठात नंतर त्याच्यावर बरंच काम झालं. पाणी जितकं गरम तितकी अंडी लवकर फुटतात आणि पिल्लू लवकर अंड्यावर येतं, म्हणून दुसऱ्या उपचाराची तारीख पाण्याचं तापमान बघून ठरवायची, कॅलेंडर बघून नाही. तुमच्याकडे थर्मामीटर असेल तर रोज सकाळी लिहून ठेवा. पाण्याचा खारेपणा मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर असेल तर क्षारताही.

---

खाडीकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. काल हायस्कुलातल्या विज्ञानाच्या बाईंकडे एक जिताडा आणि एक तांबोशी घेऊन गेले. बाईंनी दहावीच्या मुलांनाही थांबवून घेतलं.

दादा, तुम्ही लिहिलंत अगदी तसंच. आधी काहीच दिसेना, लाल तंतूच नुसते. मग बाईंनी काच जरा सरकवली आणि कडेला एक लांब होऊन परत आखडला. त्याच्या मागच्या टोकाला दोन गोल चकत्या आणि आकडे. डोळ्यांचे चार ठिपके तर मुलांनीच मोजले. एकेका तंतूवर दोन-दोन, तीन-तीन होते. काही ठिकाणी तंतूंची टोकं गोळा होऊन एकमेकांना चिकटलेली. एक मुलगी म्हणाली, "बाई, हा सोडतच नाही." अंगावरून आणि डोळ्यांवरून खरवडून घेतलेल्या चिकट्यात काही नव्हतं. तांबोशीचे कल्ले लाल आणि स्वच्छ.

आणि हो, आम्ही मासे त्याच जाळ्यात परत सोडले होते, शेजारचा पिंजरा धुतला नव्हता.

आता असं ठरवलं आहे: रविवारी पहाटे दोन्ही पिंजरे. गटातल्या सगळ्या येणार आहेत, दोन होड्या, दोन कुंड्या. विहिरीचं पाणी शनिवारी रात्रीच पिंपात भरून सावलीत ठेवू. वाळलेली दोन जाळी तयार आहेत. एका पिंजऱ्यातले मासे चौथ्यात जातील, तो मोकळा झाला की त्याचं जाळं बदलून दुसऱ्यातले त्यात. दुसरी बुडवणी पुढच्या शनिवारी. पाणी सध्या सकाळी तीस अंश आहे. फॉर्मॅलिन परत करतो.

अजून एक विचारायचं होतं. पावसाळ्यात खाडी गोडी झाली की हे आपोआप जातील का? आणि पुढच्या वर्षीचं बीज आणताना काय बघायचं?

---

कल्ले_तपासनीस

बाईंना माझा नमस्कार सांगा. मुलांनी बघितलं हे फार चांगलं झालं.

चकत्या दिसल्या, अंगावर काही नाही, तांबोशी स्वच्छ. म्हणजे तुमचा बेत योग्य आहे. तांबोशीचा पिंजरा या वेळी सोडून दिला तरी चालेल, पण दर पंधरवड्याला एक तांबोशीही बघत जा.

पावसाळ्यात क्षारता घसरली की जोर कमी होतो, पण खाडीच्या तळाशी खारं पाणी राहतं आणि पाऊस ओसरला की उरलेसुरले पुन्हा वाढतात. पावसावर विसंबू नका.

बिजाचं मात्र मनावर घ्या, कारण मोठं नुकसान तिथूनच येतं. 1930च्या दशकात सोव्हिएत संघात कॅस्पियन समुद्रातले स्टर्जन नावाचे मोठे मासे अरल समुद्रात नेऊन सोडले. त्यांच्या कल्ल्यांवर निट्झ्शिया नावाचा असाच मोनोजीनिया होता. कॅस्पियनच्या माशांची त्याच्याशी जुनी सवय होती. अरलमधली स्टर्जनची जात त्यांच्या नातलगांतलीच, पण तिने हा कृमी कधी बघितलेला नव्हता. 1936 साली ती अक्षरशः ढिगांनी मेली. तिथली स्टर्जनची मासेमारी काही मूठभर माशांबरोबर आलेल्या कृमीनं बसवली. मी नवीन मुलांना शिकवताना हे दरवेळी सांगायचो, कारण बिजाच्या पिशवीत नुसतं बीज येत नाही हे त्यांच्या मनात पक्कं बसायला हवं.

तेव्हा सरकारी किंवा मान्यताप्राप्त हॅचरीचंच बीज घ्या. आल्यावर ते थेट पिंजऱ्यात नको. किनाऱ्यावरच्या टाकीत दोन आठवडे वेगळं ठेवा, सुरुवातीला एकदा आणि आठवड्यानं पुन्हा गोडं पाणी द्या, आणि सोडण्याआधी चार-पाच बोटुकल्यांचे कल्ले बाईंच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघा. मोठे मासे असलेल्या पिंजऱ्याला लागूनच बारकं बीज ठेवू नका. भरतीच्या पाण्याच्या दिशेत जुना पिंजरा आधी आणि बारका नंतर असेल तर सगळ्या अळ्या त्याच्याकडे जातील. जागा बदलता येत असेल तर उलट लावा.

दुसऱ्या बुडवणीनंतर आठवड्यानं दोन्ही पिंजऱ्यांतले दोन-दोन मासे तपासा आणि काय दिसलं ते इथे लिहा. जात पक्की करून हवी असेल तर मासा मारून आणू नका. त्याच खाडीचं पाणी आणि प्राणवायू भरलेल्या पिशवीत, थर्माकोलच्या पेटीत घालून जिवंत आणा आणि सकाळच्या पहिल्या एसटीनं निघा, उन्हाच्या आत पोचायला हवा.